बाईची अठाई आणि माझे उंदीर

आमच्या दोंडाईच्याच्या घरात उंदीर मारायचा नाही, हा नियम मला मुळाक्षरांच्या आधीपासून पाठ आहे. आमचं भुसाराचं दुकान. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये ज्वारी-हरभऱ्याच्या पोत्यांच्या थप्प्या. अशा जागी उंदीर नाही राहणार तर कोण राहणार? माझे वडील पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवायचे आणि सकाळी पिंजरा स्कूटरच्या पायाशी ठेवून रेल्वे फाटकाच्या पलीकडे उंदीर सोडून यायचे. वडिलांना सगळा बाजार भाऊ म्हणतो, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणतो. भाऊ चहाला परत यायच्या आत उंदीर घरी पोहोचलेला असतो, असं माझं लहानपणापासूनचं मत. ते सिद्ध करायला मी एकदा पकडलेल्या उंदराच्या शेपटीला शाई लावायला निघाले, तर बाईने माझा कान असा पिरगाळला की संशोधन तिथेच संपलं. बाई म्हणजे माझी आई. मारवाडातून इकडे आलेल्या आमच्यासारख्या जैन घरांत आईला बाई म्हणतात.

अशा घरातली मुलगी जळगावला एका कॉलेजात उंदरांवर संशोधन करायला लागली, यावर आमच्या नातेवाइकांनी काय काय टोमणे मारले असतील ते सांगायला नको. एका लग्नात एक मावशी मला म्हणाल्या, "हात धुऊन ये ग, मग पंगतीला बस." मी म्हटलं, "मावशी, मी दिवसातून जितक्या वेळा हात धुते तितक्या वेळा तुम्ही देवाचं नावही घेत नसाल." बोलून मोकळी झाले. माझं तोंड असं आहे, त्याला इलाज नाही.

काम काय ते सरळ सांगते. हृदयात झडपा असतात. एखादी झडप आधीच खराब असली आणि रक्तात जंतू शिरले, तर ते त्या झडपेवर ठाण मांडतात. तिथे त्यांचा एक मऊ, भुसभुशीत गोळा वाढतो. त्याचा कण तुटला की रक्ताबरोबर निघतो आणि मेंदूच्या नसेत जाऊन अडकतो. माणूस तापाने आजारी असतो आणि एका दुपारी त्याचा हात लुळा पडतो. हे मेंदूत नेमकं कसं घडतं, कुठल्या औषधाने थांबतं, हे माणसात उघडून बघता येत नाही. म्हणून आम्ही पांढऱ्या उंदरांना भूल देऊन मानेच्या नसेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतो, झडपेला ओरखडा पाडतो, मग रक्तात जंतू सोडतो. नंतर रोज बघत बसतो. शेवटी पुन्हा भूल देतो, आणि त्या भुलीतून उंदीर उठत नाही. मग मेंदू काढून तपासतो.

या कामातलं खरं कौशल्य सुरीचं नाही, बघत बसण्याचं आहे. उंदीर सांगत नाही की मला मुंग्या येताहेत, मला शब्द सुचत नाही. तुम्हाला फक्त त्याचे पुढचे पाय दिसतात. तो दोन्ही पायांनी तोंड धुतोय की एकानेच? शेपटीला धरून वर उचलला तर दोन्ही पाय टेबलाकडे पसरतात की एक पोटाशी दुमडला जातो? डाव्या मेंदूत कण अडकला असेल तर उजवा पाय दुमडतो. हे इतकं बघितलंय की एसटीत शेजारी बसलेल्या माणसाने केळं सोललं तरी मी त्याचे दोन्ही हात बघते.

बाईला लहानपणी सांधे सुजण्याचा ताप आला होता आणि त्यात तिची एक झडप आखडली. गोळ्या चालू होत्या. म्हणजे माझा विषय आणि माझी आई एकाच झडपेवर येऊन थांबले होते. हे मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती पोळी लाटता लाटता थांबली.

"माझ्या झडपेसाठी कुणाचा जीव घेऊ नकोस," ती म्हणाली.

"तुझ्या एकटीसाठी नाही, बाई. जगात अशी किती माणसं आहेत."

"मग जगाचं नाव सांग. माझं सांगू नको. माझ्या नावावर पाप घालू नको."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची सगळं, माझी भाजी, माझा डबा, माझं लग्न, पण उंदरांचा विषय निघाला की उठून आत जायची. मला याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. जगातल्या कुणीही मला हिंसक म्हणावं, मी त्याला चार शब्द सुनावीन. बाईने नुसतं उठून जावं आणि माझं सगळं शहाणपण पातळ व्हावं.

गेल्या पर्युषणात तिने अठाई केली. अठाई म्हणजे सलग आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. आमच्यात हे मोठं तप, पुरं झालं की मिरवणूक निघते. आणि बाईचं सगळंच काठोकाठ. पाचव्या दिवसापासून तिने मौनही धरलं. शिवाय दिवसभर एकामागून एक सामायिक. सामायिक म्हणजे पाऊण तास एका जागी बसून जप, आणि तेवढा वेळ तोंडावर मुहपत्ती, दोऱ्याने कानाला बांधलेली पांढरी पट्टी. तपाला बसलेल्या बाईचं दर्शन घ्यायला गाव येतं. ती काही बोलत नाही, हात जोडते, लोक हात जोडतात आणि शाता, म्हणजे खुशाली, विचारून जातात.

मी सातव्या दिवशी सकाळच्या गाडीने जळगावहून आले. घरात बायकांची गर्दी, तपाची गाणी चाललेली. बाई गादीवर बसलेली, मुहपत्तीच्या वर फक्त डोळे. मी पाया पडले तर तिने डोक्यावर हात ठेवला. हात चटका बसावा इतका गरम होता. मी आत्याला म्हटलं, हिला ताप आहे. आत्या म्हणजे भाऊंची बहीण, अशा सगळ्या सोहळ्यांची सेनापती.

"ताप कसला? तपाची उष्णता आहे ती. तू केलीस का कधी अठाई?"

नव्हती केली. मी गप्प बसले नाही, थर्मामीटर शोधायला गेले. तो सापडेना. त्या शोधात मला भावजयीकडून कळलं की पर्युषणाच्या आधीपासूनच बाईला रोज संध्याकाळी कणकण येत होती, आणि त्याच्याही आधी तिने इथल्याच दवाखान्यात दाढ काढून घेतली होती. दाढ काढताना झडपेचं सांगितलं होतं का, विचारलं. भावजय म्हणाली, "दाढेच्या डॉक्टरला हृदयाचं कशाला सांगायचं?" तिचा काय दोष? शंभरातली नव्वद माणसं हेच म्हणतील. पण दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात. मी भाऊंना म्हटलं, पारणं होताच धुळ्याला नेऊन तपासून घेऊ. ते हो म्हणाले.

दुपारी मेंदी काढायला एक पोरगी आली. अठाईच्या बाईला नवरीसारखी मेंदी काढतात. बाईने आपण होऊन दोन्ही तळवे उशीवर उघडे ठेवले आणि त्या पोरीने दोन्हीवर सारखी नक्षी काढली. मग मेंदी वाळेपर्यंत बाईला भिंतीला टेकवून बसवलं आणि मुहपत्ती बांधून तिचं पुढचं सामायिक सुरू झालं. मी आत जेवायला गेले.

बाहेर आले तर शेजारच्या अक्का हसत होत्या. त्या शेतकरी घरातल्या, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, बाईच्या जन्माच्या मैत्रीण. "हाई देखा, बाईनी बठ्ठी मेंदी पुशी टाकी!" बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, पोराटोरांसारखं केलं हो तपस्वीबाईंनी.

मी बघितलं. डावा तळवा तसाच उघडा, नक्षी कोरीव. उजव्या हाताची बोटं आत वळली होती आणि ओली मेंदी मुठीत चिरडून मनगटावर आली होती. हात पोटाशी दुमडलेला. मी क्षणभर आईला बघतच नव्हते, खरं सांगते. मी उंदराचा तो दुमडलेला पाय बघत होते.

मग मी किंचाळले. बायका दचकून बाजूला झाल्या. मी बाईपुढे बसले आणि म्हटलं, दोन्ही हात वर कर. तिने डावा केला. उजवा जागचा हलला नाही. आत्या ओरडत होती, सामायिक चालू आहे, हात लावू नको. मी मुहपत्तीचा दोरा कानावरून काढला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, लाळेने पट्टी भिजली होती.

"बाई, बोल. मौन सोड. माझं नाव घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, घशातून नुसता आवाज आला. ती मौन पाळत नव्हती. तिला बोलताच येत नव्हतं. आणि उपवास, मौन आणि ती पांढरी पट्टी या तिन्हींच्या आड ते इतकं बेमालूम लपलं होतं की घरभर माणसं असून कुणाला दिसलं नसतं.

भावाने गाडी काढली. अक्का दारापर्यंत आल्या, त्यांचं हसू कधीच पळालं होतं. "तू जाय, माय. घरकडे मी देखस," म्हणाल्या आणि बाईचे पाय चादरीत गुंडाळून दिले. धुळ्याच्या रस्त्याला खड्डे किती आहेत हे मी त्या दिवशी नीट मोजू शकले असते, इतका प्रत्येक खड्डा माझ्या जिवावर येत होता. बाईचं डोकं माझ्या मांडीवर. मला पुढचं सगळं ठाऊक होतं, हीच पंचाईत. बाकीचे नुसते घाबरले होते. मी मेंदूचे काप बघितले होते.

धुळ्याच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते, शांत, कमी बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं नीट कधी बोलल्या?"

काय सांगणार? तीन दिवसांपूर्वी. तेही नवकार मंत्र.

"म्हणजे हे केव्हा झालं ते कुणालाच माहीत नाही?"

"माहीत आहे," मी म्हटलं आणि बाईचा उजवा हात उघडून दाखवला. मेंदीची नक्षी पूर्ण काढली होती, म्हणजे तोवर हात उघडा होता. ती ओली असतानाच पुसली, म्हणजे ती वाळायच्या आत हे झालं. पोरगी आमच्याकडून दीडच्या सुमाराला निघाली होती. डॉक्टरांनी त्या हाताकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाले, मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायला अजून वेळ आहे. आणि लिहिता लिहिता विचारलं, "ताप वगैरे?"

"नाही नाही," आत्या म्हणाली, "तपाची उष्णता."

"आहे," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी थंडी वाजून ताप आहे. झडप लहानपणापासून खराब आहे. मध्यंतरी दाढ काढलीय. ही साधी गुठळी नसेल, डॉक्टर. झडपेवरून निघालेली असेल."

त्यांचा पेन थांबला. जंतूंनी भरलेला कण मेंदूत अडकला असेल, तर ती नस आधीच कुजत असते. तिथे गुठळी विरघळवायचं औषध दिलं तर मेंदूत रक्त पसरू शकतं. हे त्यांनाही माहीत होतं, माझ्यापेक्षा चांगलं. त्यांना फक्त खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं. त्यांनी इंजेक्शन थांबवलं, हृदयाची सोनोग्राफी मागवली, रक्त जंतूंच्या तपासणीला घेतलं. झडपेवर गोळा होता. पडद्यावर तो हलताना मी ओळखला.

"तुमच्या लक्षात कसं आलं?" त्यांनी विचारलं.

"मी उंदरांचे पाय बघते," मी म्हटलं. बाई तिथेच पडली होती. डोळे उघडे होते.

आता सलाइन आणि जंतूंवरची औषधं लावायची होती. नर्सने डावा हात धरला तर बाईने तो हिसकावून घेतला. पुन्हा धरला, पुन्हा हिसकावला. शब्द गेले होते, पण पच्चक्खाण गेलं नव्हतं. पच्चक्खाण म्हणजे उपवासाचा संकल्प, एकदा घेतला की घेतला. आत्या रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "उद्याचा एकच दिवस राहिलाय हो. सात दिवस काढले बिचारीने. अठाई मोडली तर…"

"अठाई मोडेल म्हणून माणूस मोडू द्यायचं का?" मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरचा चौकीदार आत आला. "तुम्हाला सगळ्यांना काय पाहिजे, आई की मिरवणूक?"

वाईट बोलले. पण ते शब्द परत घ्यावेत असं मला आजही वाटत नाही.

भाऊ इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, चप्पल काढली, बाईच्या कानाशी वाकले. आमच्यात कुणी पच्चक्खाण घेताना शब्द चुकला तर सगळं पहिल्यापासून म्हणायला लावणारे भाऊ. मला वाटलं, आता हेही तिलाच धीर देणार, एक दिवस काढ म्हणून. ते म्हणाले, "ऐक. पच्चक्खाणात आगार असतो, सवलत असते. जिवावर बेतलं, मन ठिकाणावर राहिना, तर औषधाला मोकळीक त्यातच सांगून ठेवलीय. तू घेताना मीच म्हटलं होतं तुझ्याबरोबर. संकल्प मोडत नाही. औषध घे."

बाईने डोळे मिटले. हिसकावलेला हात तिने आपण होऊन नर्सपुढे केला. भाऊ उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. जन्मात कधी ज्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं त्यांचं ते रडणं मला सलाइनच्या सुईपेक्षा जास्त टोचलं.

कित्येक आठवडे शिरेतून औषधं चालली. बाई वाचली. पहिले काही दिवस डॉक्टर "बघू" एवढंच म्हणायचे, मग एकदा "बरं आहे" म्हणाले, आणि मी त्या दोन शब्दांसाठी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. झडपेची शस्त्रक्रिया पुढे करावी लागेल, ती टळलेली नाही. हात हळूहळू उघडला. बोलणं मात्र फार छळवादी. एका सकाळी तिने अख्खा नवकार म्हटला, एक अक्षर न चुकता, आणि लगेच पाणी मागायला गेली तर "पाणी" येईना. मंत्र मेंदूच्या दुसऱ्याच कपाटात ठेवलेला असतो म्हणे. ती चिडायची, चमचा फेकायची. माझा स्वभाव कुणाकडून आला ते तेव्हा मला नीट कळलं.

दिवाळीनंतर ती घरी आली. दुपारच्या उन्हात मागच्या ओट्यावर बसून ती उजव्या हाताने मूग निवडायची, हा तिचा व्यायाम. भाऊ शेजारी पेपर वाचत. मी दुसऱ्या दिवशी जळगावला परत जाणार होते. उंदरांची शेवटची तुकडी बाकी होती, आणि मी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण बाईला सांगावं लागत नाही.

"उंदीर," ती म्हणाली. मग बराच वेळ शब्द शोधला. "जाते?"

"हो, बाई."

"त्यांचा पण… हात?"

"हो. तुझ्यासारखाच."

"मग?"

मी खोटं बोलू शकले असते. "मग त्यांना मारतो," मी म्हटलं. "भूल देऊन. त्यांना कळत नाही. पण मारतो."

मला वाटलं, आता ती उठणार आणि आत जाणार. उठायला तिला आधार लागतो, म्हणून मी हातही पुढे केला. तिने तो धरला, पण उठली नाही. मुगाचे दोन दाणे तिच्या बोटांना चिकटलेले होते.

"ते पाहिले… म्हणून मी दिसले," ती म्हणाली. एवढं मोठं वाक्य तिने आजारानंतर पहिल्यांदा जोडलं होतं. मग थांबली, श्वास घेतला. "तुझं पाप… अर्धं माझं."

ज्यांना आमचं शास्त्र माहीत नाही त्यांना यात विशेष वाटणार नाही. आमच्यात कर्म वाटून घेता येत नाही. ज्याने केलं त्याला फेडावं लागतं, आई मुलाचं घेऊ शकत नाही, नवरा बायकोचं घेऊ शकत नाही. स्थानकात साधू-साध्वींच्या प्रवचनाला बसून बाईने हे जन्मभर ऐकलं होतं, आणि शेजारपाजारच्यांना समजावून सांगितलं होतं. माझा पाप-पुण्यावर विश्वास नाही, तरी मला ओट्यावर बसून रडू फुटलं, ते आवरेना.

भाऊंनी पेपर खाली केला होता. शास्त्रातली चूक ते कुणाचीही खपवून घेत नाहीत, साध्वींचीसुद्धा नाही. त्यांनी बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, आणि तिला दुरुस्त केलं नाही.